पाडव्यानंतर बंद पडू लागलेलं मशीन: सोलापुरातल्या एका सीपॅपचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. खाली टॉवेलचा कारखाना, आठ लूम, वर राहती जागा. अशी घरं या भागात गल्लोगल्ली आहेत, म्हणून पत्ता याहून जास्त सांगत नाही. ओळख पटू नये एवढ्यापुरते दोनचार तपशीलही बदलले आहेत.

रुग्ण म्हणजे घरातले काका. वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू, मान आखूड, मिशी भरघोस. घोरणं जुनंच होतं, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग दिवाळीच्या सुमारास सुताचा हिशेब लिहिता लिहिता हातात पेन तसंच धरून ते झोपी गेले, आणि आठवड्याने स्कूटरवर सिग्नलला डुलकी लागली. तेव्हा मुलाने दम देऊन छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. झोपेची तपासणी झाली. श्वास तासाला सरासरी ४२ वेळा अडत होता. हा आकडा पाचाच्या आत असला तर ठीक धरतात आणि तिसाच्या वर गेला की आजार तीव्र म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन मध्येच ७१ टक्क्यांपर्यंत उतरत होता. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप लिहून दिलं: दाब ६ ते १४ सेंटिमीटर पाण्याइतका, मास्क नाकावरचा.

बरेच जण याला ऑक्सिजनचं मशीन समजतात. ते तसं नाही. मुळात हा एक पंखा आहे. खोलीतलीच हवा ओढतो, जाळीतून गाळतो आणि ठरलेल्या दाबाने नळीतून मास्कमध्ये सोडतो. त्या दाबामुळे झोपेत सैल पडणारा घसा मिटत नाही, एवढंच. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा उपाय मांडला, तत्त्व अजून तेच आहे. ऑटो म्हणजे घसा मिटायला लागला की मशीन आपणहून दाब वाढवतं आणि मोकळा झाला की उतरवतं. सोबत हवेला ओल देणारी पाण्याची छोटी टाकी असते.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली त्या आठवड्यात मशीन घरात आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने तिथल्याच एका विक्रेत्याकडून घेतलं. फेब्रुवारी आणि मार्च मजेत गेले. श्वास अडणं तासाला तिनावर आलं. काका दुपारचे हिशेब जागेपणी लिहू लागले. काकू म्हणायच्या, "इतक्या वर्षांनी मला झोप लागली ओ."

तक्रार

मी घरोघरी जाऊन श्वासाची मशीन बसवण्याचं आणि बघण्याचं काम करते. एप्रिलच्या मध्यावर सूनबाईंचा फोन आला. "मॅडम, मशीन रात्री आपोआप बंद पडतंय. दोनतीनच्या सुमारास. रोज नाही, पण कधी पडेल सांगता येत नाही. तोंडाला कोरड पडते, मास्क शिट्टी मारतो, हवा गरम लागते. आता अकरा दिवस झाले, बाबांनी लावायचंच सोडलंय."

अकरा दिवस हा शब्द मला सगळ्यात जास्त टोचला. मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं. पण एवढा तीव्र आजार असलेला माणूस अकरा रात्री उपचाराशिवाय झोपतोय आणि सकाळी स्कूटर चालवतोय, हे मशीनपेक्षा मोठं. फोनवर पहिलं सांगितलं ते हेच: स्कूटर बंद. त्या काळात ते एकदा कारखान्याच्या दारातच सुताच्या गाठीवर गाडी घालून बसले होते, हे मला नंतर कळलं.

मी पोहोचण्याआधी काय काय करून झालं होतं

इथेच प्रकरण अवघड झालं. मशीन पहिल्यांदा बंद पडल्यापासून आठवड्याभरात घरच्यांनी पाच गोष्टी केल्या होत्या, आणि त्याही जवळपास एकाच वेळी.

मास्कचे पट्टे करकचून आवळले. कोरड पडते म्हणून टाकीची ओल वाढवून सर्वात वरच्या खुणेवर नेली. मुलाने घाईघाईने नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क मागवला. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून हवा सुटते आणि आवाज होतो म्हणून काकूंनी त्यावर चिकटपट्टी लावली. आणि अडॅप्टर गेला असेल या समजुतीने बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून "तसाच" दिसणारा दुसरा आणला.

पुण्याच्या विक्रेत्याने फोनवरच निदान सांगितलं होतं: मदरबोर्ड. पाठवून द्या, पंधरा दिवस लागतील, अठरा हजारांच्या आसपास खर्च.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय अर्थातच पाठवून देणं. पडद्यावर बिघाडाचा संदेश असता, जळका वास असता, किंवा मशीनमध्ये पाणी गेलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं आणि घरी उघडून बघायचा मोह आवरला असता. इथे यातलं काहीच नव्हतं. आणि आणखी पंधरा रात्री उपचाराविना हा भाव फार महाग होता.

दुसरा, महिनाभर भाड्याचं मशीन. हा पर्याय लोक फक्त सोय म्हणून बघतात, पण शोधासाठीही तो चांगला. तोच मास्क, तेच घर, तोच माणूस, फक्त मशीन वेगळं. तेही बंद पडलं तर मूळ मशीन निर्दोष. मी तो हाताशी ठेवला. त्या आठवड्यात सोलापुरात लगेच मिळेना, हेही खरं.

तिसरा, मोठा मास्क तसाच ठेवून जमतंय का बघणं. मुलाचा आग्रह याचा होता, कारण पैसे गेले होते.

चौथा, सगळे बदल मागे घेऊन मार्चमधल्या स्थितीला परत जायचं आणि मग एका रात्री एकच गोष्ट बदलायची. सगळ्यात संथ आणि सगळ्यात कंटाळवाणा. डॉक्टरांशी बोलून मी हाच घेतला. ते म्हणाले, दाबाच्या आकड्यांना हात लावू नका, अर्धवट चाललं तरी आज रात्रीपासून मशीन लावा, उशाखाली उंची घ्या, पाठीवर झोपू देऊ नका. दहा दिवसांत जुळलं नाही तर मशीन पाठवायचं, अशी मुदत घातली.

पहिली भेट

सकाळी अकराला गेले. आधी दोन गोष्टी काढून टाकल्या: चिकटपट्टी आणि दुरुस्तीवाल्याचा अडॅप्टर. ती छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात. आपण सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो, ती बुजवली तर तोच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेतला जातो. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. अडॅप्टरचं म्हणाल तर पिन बसते म्हणजे जुळतो असं नसतं. मशीनच्या लेबलवर २४ व्होल्ट होतं, आणलेल्यावरचं लेबलच खरवडलेलं होतं. जुना अडॅप्टर ड्रॉवरमध्ये होता, मीटर लावून बघितला, ठणठणीत.

मग फिल्टर. मागच्या झाकणाखाली पांढरी चौकोनी जाळी असते. इथली बोटाने ओढली तर सोलपटासारखी निघाली आणि तिच्यावर नमदा तयार झालेला होता, तोही गुलाबी. खाली त्या महिन्यात गुलाबी टॉवेलची ऑर्डर चालू होती. सुताची लव जिन्याने वर येत होती. एरवी महिना-दोन महिने चालणारी जाळी या घरात आठ दिवसांत बुजत होती. श्वास कोंडलेला पंखा जोरात फिरतो, आवाज वाढतो, हवा गरम लागते. गरम हवेची तक्रार तिथेच मिटली. दुसरं कारणही होतं: मशीन जमिनीवर ठेवलेलं, आणि सोलापूरचा एप्रिल. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. इथे रात्री दहाला भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

पाण्याची टाकी बघितली. तळाला पांढरा थर, म्हणजे कधी तरी नळाचं पाणी गेलेलं. विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, "नळाचं नाही ओ, डिस्टिल्डच घालतो," आणि त्यांनी पाच लिटरचा कॅन आणून दाखवला. तो इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठीचा होता. त्याच कॅनला बॅटरीवाल्याचं नरसाळं लावलेलं. ते बंद केलं, टाकी पातळ व्हिनेगरने धुऊन घेतली, बंद बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी किंवा अडचण असेल तर उकळून गार केलेलं आरओचं पाणी वापरायला सांगितलं.

नळी बादलीत बुडवली, एक तोंड अंगठ्याने बंद करून दुसऱ्यातून फुंकलं. बुडबुडा नाही. मोठा मास्क बाजूला ठेवला, जुना नाकावरचा काढला, गादी साबणाने धुतली, काकांना आडवं केलं, तपासण्यापुरता दाब वाढवून पट्टे जुळवले. काकांनी डावी कूस घेतली, उजवी घेतली, कुठूनही हवा सुटेना. पट्टे उलट सैल करावे लागले होते, कारण आवळल्याने मऊ गादीला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच गळती होते.

शेवटी एक निर्णय घेतला, ज्याबद्दल माझं मत आजही पक्कं नाही. या मशीनमध्ये एक सोय होती: हवा फार सुटायला लागली की मास्क निघाला असं समजून ते आपोआप थांबतं. मी ती सोय बंद केली. विचार असा की निदान रात्रभर चालू राहील आणि नोंद तरी मिळेल. मशीनमधलं कार्ड घेऊन त्याची नक्कल केली आणि निघाले. समाधानाने निघाले, हे लिहायला हवं.

कार्ड आणि रात्रपाळीची वही

ही मशीन रात्रभराची नोंद ठेवतात: दाब, गळती, श्वास, मिनिटामिनिटाला. ती संगणकावर उघडायला ऑस्कर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. मी तो उघडला आणि मशीन बंद पडलेल्या पाच रात्री शेजारी शेजारी मांडल्या.

पाच रात्री दिसायला सारख्या, पण दोन जातींच्या. तीन रात्री गळतीची रेघ एकच्या सुमारास चढू लागते, दाब १२ च्या पुढे जातो, गळती आणखी वाढते आणि मग मशीन थांबतं. उरलेल्या दोन रात्री गळती सपाट, श्वास शांत, सगळं सुरळीत आणि मध्येच रेघ कात्रीने कापावी तशी तुटलेली. बंद पडणं एकच, पण कारणं दोन असणार, हे त्या क्षणी दिसलं. घरच्यांचा, आणि खरं तर माझाही, सगळा वेळ एकच कारण शोधण्यात गेला होता.

कात्रीने कापल्यासारखं म्हणजे वीज. काकूंना फोन केला. "लाइट जातं का रात्री?" त्या म्हणाल्या, "इन्व्हर्टर आहे की! गेलेलं कळतच नाही." मी ते मान्य केलं आणि दोन दिवस विजेचा विषय सोडून दिला. ही माझी पहिली चूक.

तिसऱ्या दिवशी सूनबाईच बोलता बोलता म्हणाल्या, खाली रात्रपाळी चालते, लूम थांबले की त्या शांततेनेच जाग येते. तिथून सुचलं. लूमवाल्या कामगाराचं काम नगावर, त्यामुळे लूम थांबला की तो वेळ टिपून ठेवतो, नाहीतर मजुरीत वाद होतो. वहीचे फोटो मागवले. काडीसारख्या अक्षरात "लाइट गेले", "झटका", आणि शेजारी वेळ.

वेळा मात्र जुळेनात. वहीत २.५० तर कार्डावर २.१०. दुसऱ्या रात्री वहीत ३.३५ तर कार्डावर २.५५. जरा बसून बघितल्यावर लक्षात आलं, दोन्हीकडे फरक नेमका चाळीस मिनिटांचा. मशीनचं घड्याळच मागे होतं, पुण्यात सुरू करताना कुणी ते लावलंच नव्हतं. फरक वळता केला तर दोन्ही रात्री मिनिटाला मिनिट जुळल्या. उरलेल्या तीन रात्री वहीत काहीच नोंद नव्हती.

मग सूनबाईंना फोनवर धरून दुपारी घराचा मेन स्विच मिनिटभर पाडायला लावला. "पंखा चालू आहे?" "चालू." "टीव्ही?" "चालू." "मशीनचा दिवा?" थोडा वेळ गप्प. "गेला की ओ."

पाडव्याच्या सुमारास त्या खोलीत कूलर लागला होता. कूलरच्या वायरला लांबी कमी पडली, म्हणून पलंगाशेजारचा बोर्ड त्याला दिला गेला आणि मशीनची पिन समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या बोर्डात गेली. तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. वीज दोन सेकंद गेली तरी मशीन थांबायचं, आणि परत आल्यावर बटण दाबल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. इलेक्ट्रिशियनने एका तासात लाइन ओढून दिली. इन्व्हर्टरच्या मागची कळ साध्या मोडवर होती, ती यूपीएसवर केली, म्हणजे बदल झटकन होतो आणि मशीनला कळत नाही. कूलरचा झोतही नळीवरून बाजूला वळवला, कारण ओल वाढवलेली नळी बाहेरून गार झाली की आत पाणी सुटतं आणि गुळगुळ आवाज येतो.

दुसरी भेट

आता मशीन बंद पडत नव्हतं. घरचे खूश. पुण्याहून मुलाने आभाराचा निरोप पाठवला. पण कार्डावरच्या नव्या सहा रात्री काही वेगळंच सांगत होत्या. गळती मिनिटाला ४६ लिटरपर्यंत जात होती, या बनावटीत २४ च्या वर गेली की जास्त धरतात. श्वास अडणं तासाला १७. म्हणजे मशीन रात्रभर चालत होतं, पण अर्धी हवा गालावरून वाहून जात होती. मी आपोआप थांबण्याची सोय बंद केली होती, त्यामुळे हे कुणालाच ऐकू येत नव्हतं. पूर्वी निदान ते बंद पडून ओरडत तरी होतं.

एक खूण समोरच होती आणि मी ती वाचली नव्हती. टाकी रोज पहाटेआधी कोरडी पडत होती. एवढी ओल काकांच्या नाकात जात नव्हती, गळतीबरोबर खोलीत जात होती. तोंडाची कोरडही त्यातलीच. ओल कितीही वाढवली तरी ती मिटणार नव्हती.

पण गळती कुठून? माझ्यासमोर तर मास्क घट्ट बसला होता. या वेळी मी रात्री साडेनऊला गेले, जेवणं झाल्यावर. काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेर थांबा, मी आडवा झालो की बोलावतो." दोन मिनिटांनी आत गेले. मास्क लावलेला, आणि मिशीच्या वरून हवेची शिट्टी. त्यांचा चेहरा मला वेगळा वाटला. वरचा ओठ आत गेलेला, गाल बसलेले. खिडकीत स्टीलची वाटी होती, वर बशी झाकलेली. मी काकूंकडे बघितलं. काकू हळूच म्हणाल्या, "कवळी आहे ओ. तुमच्यासमोर काढायला लाजतात."

मार्चमध्ये काकांचे वरचे उरलेले हलणारे दात काढून कवळी बसवली होती. सुरुवातीला ते ती रात्रीही घालत, म्हणून मार्चभर मास्क जुळत राहिला. पाडव्याच्या सुमारास दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता रात्री काढून पाण्यात ठेवत जा. त्या दिवसापासून मास्क टेकायचा ती जागाच खाली बसली. पहिल्या झोपेत दाब कमी असतो तेव्हा चालून जायचं. उत्तररात्री दाब चढला की ओठावरची कड उचलायची. सकाळी अकरा वाजता, कवळीसकट बसवलेला माझा मास्क बिनचूक होता. पण काका त्या तोंडाने झोपत नव्हते.

गळतीवरचा उपाय

कवळी रात्री घालावी का, हे दातांच्या डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले, हिरड्यांना विश्रांती हवी. मग मास्क बदलणं आलं. मुलाने आणलेला मोठा मास्क लावून बघितला, तो जुन्याहून वाईट ठरला, कारण तो हनुवटीपर्यंत टेकतो आणि बिनदातांच्या तोंडात खालचा चेहराच आक्रसतो. शेवटी नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ बोंड्यांचा मास्क घेतला. त्याला ओठाचा आधार लागत नाही. मिशीचाही प्रश्न मिटला, नाहीतर ती काढायची कल्पना काकांनी हसण्यावारी नेली होती.

तोंड मात्र झोपेत उघडत होतं. त्यावर हनुवटीचा पट्टा मिळतो, डोक्यावरून हनुवटीखाली बांधायचा. तो मी पिशवीतून काढला आणि काकूंनी बघितलं मात्र, "ते आधी आत ठेवा." क्षणभर मला कळेना. काका हसायला लागले. "मॅडम, माणूस गेल्यावर तोंड असंच बांधतात की ओ." माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्याऐवजी मानेचा मऊ पट्टा दिला, स्पॉन्डिलायटिसला वापरतात तो. हनुवटी खाली पडायचं थांबतं, आणि कापड दुकानांच्या गल्लीत निम्म्या लोकांच्या गळ्यात तो असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

या सगळ्यात एका रात्री एक बदल, हा नियम पाळला. पहिल्या रात्री फक्त मास्क: गळती १९, श्वास अडणं ८. तीन रात्रींनी पट्टा: गळती १४, श्वास अडणं ४. मग ओल पुन्हा मधल्या खुणेवर आणली. आपोआप थांबण्याची सोय शेवटी परत चालू केली.

निष्पत्ती

तीन आठवड्यांनी कार्डावर रोजचा वापर सहा तासांच्या वर, श्वास अडणं तीनच्या खाली. मदरबोर्ड शाबूत होता. डॉक्टरांनी दाब तोच ठेवला. स्कूटरची परवानगी त्यांनी आणखी पंधरा दिवसांनी दिली, काकांना ते पटलं नाही, पण किल्ली काकूंकडे होती. मशीन जमिनीवरून स्टुलावर, जिन्याच्या दारापासून लांब. फिल्टर दर रविवारी बघायचा. मोठा मास्क कपाटात पडून आहे, त्याचे पैसे वाया गेले.

वेगळं काय करता आलं असतं

मास्क बसवायला सकाळी जायला नको होतं. रात्रीच जायचं, किंवा निदान विचारायचं: झोपताना तोंडातून, चेहऱ्यावरून काय काढता? आता मी हे प्रत्येक घरात विचारते, आणि बाई असल्यामुळे पुरुष रुग्णांना ते घरच्यांमार्फत विचारते. काका लाजले यात त्यांचा दोष नाही. प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

"इन्व्हर्टर आहे" हे उत्तर ऐकून थांबायला नको होतं. घरात इन्व्हर्टर आहे आणि त्या प्लगला इन्व्हर्टर आहे, या दोन निराळ्या गोष्टी. मेन पाडून बघायला एक मिनिट लागलं असतं, ते मी तीन दिवस उशिरा केलं.

आपोआप थांबण्याची सोय बंद करण्याचा निर्णय अजून मनात घोळतो. त्यामुळे रात्रभराची नोंद मिळाली, हे खरं. पण घरच्यांना सांगायला हवं होतं की बंद पडणं थांबेल, त्याचा अर्थ बरं झालं असा धरू नका. मी ते सांगितलं नाही, आणि सहा रात्री सगळे गैरसमजात राहिले. पुन्हा करायची वेळ आली तर करेन, पण दुसऱ्याच दिवशी कार्ड मागवेन.

विक्रेत्यावर मी फारशी चिडत नाही. पुण्यात बसलेल्या माणसाला कूलर, कवळी आणि गुलाबी लव कुठून दिसणार? पण कार्डावरची नोंद पाठवा, एवढं तरी त्याने मागायला हवं होतं. मशीन पाठवलं असतं तर तिथल्या टेबलावर ते उत्तम चाललं असतं, "दोष आढळला नाही" म्हणून परत आलं असतं, आणि त्याच बोर्डात लागलं असतं.

घड्याळ लावून देणं हे माझ्या यादीत नव्हतं. आता आहे.

त्यानंतर

डिसेंबरमध्ये काकूंचाच फोन आला. "ताई, नळीत पाणी गुळगुळतंय. आधीच सांगते, घरात काहीच बदललं नाही. कवळी तीच, बोर्ड तोच, कूलर कधीच काढला, फिल्टर रविवारी धुऊन... नाही, बदलून घेतला, धुवत नाही. फक्त थंडी पडलीय."

नळी पांघरुणाखाली घ्यायला आणि ओल एक खूण उतरवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण तो शेजारच्या गल्लीतल्या त्यांच्या भावजयीच्या मशीनसाठी होता.